एक्सेलमधला गैरहजर बिटनॉट

एक्सेलमध्ये बिटवाइज फंक्शनं आली २०१३ च्या आवृत्तीत: बिटअँड, बिटऑर, बिटएक्सऑर आणि बिट डावी-उजवीकडे सरकवणारी दोन. त्याआधी भागाकार करायचा, अपूर्णांक छाटायचा, मॉडने बाकी काढायची आणि एकेक बिट वेचायचा. त्या लांबलचक सूत्रांचा जुन्या लोकांना अजून अभिमान आहे. सी भाषेतून आलेला नवशिका सवयीने ६&३ लिहितो. उत्तर २ हवं असतं. मिळतं ६३, तेही सेलच्या डाव्या कडेला चिकटलेलं, म्हणजे मजकूर. इथे ते चिन्ह जोडकामाचं.

या पाचांत बिटनॉट नाही, आणि हा विसराळूपणा नव्हे. बिट उलटवायचे तर रुंदी ठरलेली लागते. ५ आठ बिटांत उलटवला तर २५०, सोळांत ६५५३०, बत्तिसांत ४२९४९६७२९०. सेलमधल्या आकड्याला अशी रुंदीच नसते. ही फंक्शनं ऋण संख्या घेत नाहीत, आणि धन संख्याही २ च्या ४८ व्या घातापेक्षा लहान लागते. तेव्हा रुंदी कारागिराने स्वतः धरायची. नेटवर्कचा पत्ता १९२.१६८.१०.७७ आणि मास्कचा शेवटचा आकडा १९२ असेल, तर ७७ आणि १९२ यांचा बिटअँड ६४ देतो. ब्रॉडकास्टसाठी मास्क उलटा हवा: २५५ वजा १९२, म्हणजे ६३. त्याचा ६४ शी बिटऑर केला की १२७.

खरी पंचाईत एकच बिट विझवताना होते. १३ मधला ४ चा बिट काढायला हात आपसूक बिटएक्सऑरकडे जातो, आणि ९ मिळतात. तेच सूत्र खाली ओढलं आणि एखाद्या ओळीत आधीच ९ असले, तर तिथे १३ होतात. एरर नाही, लाल खूण नाही, विझवायचा दिवा मुकाट पेटतो. उपाय साधी वजाबाकी: ए२ वजा, ए२ आणि ४ यांचा बिटअँड. बिट असेल तर ४ जातात, नसेल तर शून्य. इतक्यासाठी मॅक्रो लिहिणाऱ्यांची कीव करावी, असं हे सूत्र जमलेल्याला हमखास वाटतं, आणि ते चार जणांना दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

मीटरच्या सोळा बिटी रजिस्टरमधून ६५५३४ आले आणि त्यांचा अर्थ उणे दोन असला, तर मात्र बिटएक्सऑरच कामाला येतो: ३२७६८ शी एक्सऑर, मग ३२७६८ वजा.

शिकाऊ मंडळी या भानगडीत न पडता हो-नाहीचे आठ कॉलम करतात. दिसायला गबाळं, पण फिल्टर लगेच लागतो. एका सेलमध्ये कोंबलेल्या बिटांना तो लावायचा तर वेगळा कॉलम काढावाच लागतो. बिट डोळ्यांनी पाहायचे असतील तर डेकटूबिन ५११ च्या पुढे जात नाही. तिथे बेस फंक्शन वापरावं, आणि तिसऱ्या जागी १६ लिहावेत, म्हणजे पुढची शून्यं गळत नाहीत.