मुळावर न उठता

वकिलास हरलेले खटले जन्मभर सलतात, अशी एक समजूत आहे. आमचा अनुभव निराळा आहे. हरलेल्या खटल्याचे खापर साक्षीदारावर, नशिबावर, फारच झाले तर न्यायाधीशांच्या त्या दिवशीच्या प्रकृतीवर फोडून आम्ही मोकळे होतो. आमच्या मनात सलत राहिला आहे तो एक जिंकलेला खटला.

वकिलीच्या आरंभीच्या वर्षांतली ही गोष्ट. सत्तरीकडचा एक मनुष्य सर्पगंधाच्या वाळलेल्या मुळांचे पोते नेताना पकडला गेला आणि त्याचे वकीलपत्र आमच्याकडे आले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे रानात सापडलेली किंवा रानातून आणलेली वनस्पती, तिच्या सर्व भागांसह, वनोपज ठरते. आमचा सारा बचाव ‘रानातून आणलेली’ एवढ्या शब्दांवर उभा होता. सर्पगंधा परसातही लावता येते. पोत्यातले मूळ रानातले की परसातले, हे मूळ काही बोलून दाखवीत नाही. आणि पंचनाम्यातही त्याचा पुरावा नव्हता. न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन आमच्या पक्षकारास मुक्त केले.

न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना आम्ही सहज त्यास विचारले, “मूळ काढले की झाड मरते, हे ठाऊक आहे ना?” तो म्हणाला, “वकीलबाब, झाड मरता तें म्हाका कळटा. पूण पोट खंय दवरूं?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही फी थोडी कमी केली आणि तेवढ्याने आपले मन हलके झाले, असे मानून घेतले.

मन हलके झाले नव्हते, कारण आमचे आजोबा वैद्य होते. एखादी वनस्पती मुळासाठी काढावयाची तर आदल्या सायंकाळी ते तिजपाशी अक्षता वाहून अनुज्ञा मागत आणि दुसऱ्या दिवशी स्नान करून, पूर्वेस तोंड करून खणीत. पाचांपैकी दोन रोपे घ्यावयाची, ज्यास फळ धरले असेल त्यास हात लावावयाचा नाही, असा त्यांचा नेम होता. लहानपणी आम्हांस तो नुसता विधी वाटे. पुढे कळले, की विधीच्या वस्त्राआड हिशेब होता. पान तोडले तर झाड पुन्हा पालवते. मूळ ही मात्र झाडाची अशी ठेव आहे, की व्याज मागावयास गेलेल्याच्या हाती मुद्दलच येते. एखाद्याच्या ‘मुळावर उठणे’ हा शब्दप्रयोग मराठीने उगाच घडविलेला नाही.

सर्पगंधेच्या मुळावर सारे जगच उठले, तो इतिहास अलीकडचा आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरील तिचा गुण पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्या मुळांतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५६ मध्ये अमेरिकेतील वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत, झाडावाचून, जुळवूनही दाखविले. परंतु मूळ खणून ते काढणेच स्वस्त पडत राहिले. जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या मुठीने घेतली जात होती ती पोत्याने जाऊ लागली. १९९० साली सर्पगंधेचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत गेले.

हे सारे पुन्हा वर येण्यास निमित्त झाली आमची भाची. ती बेळगावी वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनाचे काम करते. मागे तिकडे गेलो असता तिने आम्हांस आपली प्रयोगशाळा दाखविली. बाहेर पादत्राणे काढावयाची, हात धुवावयाचे, मग आत पाऊल टाकावयाचे. गाभाऱ्याचे सोवळे आम्हांस परिचित होते. बुरशीच्या भयाने पाळलेले सोवळे प्रथमच पाहिले. आत मंद हलणाऱ्या फळीवर काचेचे चंबू ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकात पांढऱ्या तंतूंचा एकेक पुंजका.

“मामा, ही सर्पगंधेची मुळे,” ती म्हणाली.

“आणि झाड?”

“झाड नाही. नुसती मुळेच वाढताहेत.”

खोडावाचून, पानावाचून, मातीवाचून मूळ वाढते, यावर आमचा विश्वास बसेना. तिने समजावून सांगितले ते असे. जमिनीत ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस नावाचा एक जिवाणू असतो. झाडाला जखम झाली की तो तेथे शिरतो आणि आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशींत घालतो. त्या पेशी मग केसांसारखी दाट मुळे फुटवू लागतात. शेतात हा रोग. प्रयोगशाळेत मात्र त्याच रोगास कामास लावले आहे. निर्जंतुक केलेल्या पानास मुद्दाम जखम करून जिवाणू लावतात, काही आठवड्यांत मुळे फुटली की औषधाने जिवाणू मारतात आणि मुळांची टोके कापून साखर व क्षार घातलेल्या पाण्यात सोडतात. त्यांस वाढीचे निराळे संप्रेरक द्यावे लागत नाही, उजेडही लागत नाही. काही आठवड्यांनी त्यांतलाच एक तुकडा नव्या चंबूत घालावयाचा, की क्रम पुन्हा सुरू. आणखी एक गंमत म्हणजे ही मुळे खाली जाण्याचा मुळांचा धर्म विसरून चहूकडे आडवी पसरतात.

कल्पना अगदी नवी नाही. टोमॅटोच्या मुळांची कापलेली टोके अखंड वाढत ठेवण्यात अमेरिकेतील फिलिप व्हाइट यांस १९३४ सालीच यश आले होते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी सर्पगंधेच्या अशा केसाळ मुळांवरील आपले काम १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. कोरियात तर, जिवाणूवाचून, निराळ्या रीतीने वाढविलेली जिनसेंगची मुळे हजारो लिटरच्या टाक्यांतून निघून बाजारात जातात.

वकिलाचा स्वभाव असा, की चमत्कार दिसताच उलटतपासणी घ्यावी. आम्ही विचारले, “या मुळात रानातल्या मुळाचे सारे गुण उतरतात का?” भाचीने आढेवेढे घेतले नाहीत. काही द्रव्ये भरपूर उतरतात, काही कमी. प्रत्येक चंबूचा वंश निराळा निघतो. टाकीचा खर्च मोठा, आणि एकदा बुरशी शिरली की महिन्यांची मेहनत वाया. शिवाय वैद्य सबंध मूळ वापरतो, कारखान्यास एक द्रव्य पुरते. तेव्हा आजोबांच्या खलात हे मूळ चालले असते की नाही, हा वाद उरतोच. आणि चंबूतले मूळ फुलत नाही, फळत नाही. त्याने डोंगर पुन्हा हिरवा होत नाही.

“आपल्याकडच्या रानातले झाड मिळेल का, मामा? डोंगराडोंगरागणिक गुण बदलतो. मूळ नको, दोन कोवळे शेंडे पुरेत.”

ते झाड कोठे असेल, हे सांगणारा एकच मनुष्य आमच्या ओळखीचा होता. ज्या खात्याविरुद्ध आम्ही एकदा उभे राहिलो होतो त्याच खात्याकडे अर्ज करून रीतसर परवानगी काढली, आणि आमच्या जुन्या पक्षकाराचे दार ठोठावले. तो आता थकला आहे, पोरे कारखान्यात कामास जातात. पूर्वी ज्या उतारावर अर्ध्या दिवसात पोते भरे, त्याच उतारावर त्या दिवशी आम्ही तीन तास हिंडलो. अखेर एका करवंदीच्या जाळीआड तो थबकला. एकेका पेराशी तीन तीन पाने आणि तांबूस देठांवर पांढरी फुले असलेले एकुलते एक झुडूप तेथे उभे होते.

त्याचा हात सवयीने बुंध्याकडे गेला आणि तेथेच थांबला. भाचीने दोन शेंडे खुडून ओल्या कापसात घेतले. त्याने पायाने उकरली गेलेली माती हाताने बुंध्याशी परत लोटली आणि म्हणाला, “ह्या फावटी झाड उरलें न्ही, वकीलबाब?”

त्या दोहोंपैकी एका शेंड्यास चंबूत बुरशी लागली. दुसऱ्याच्या पानांतून मुळे फुटली, असे भाचीचे पत्र आले आहे. उद्या त्या मुळांचा व्यापार झाला तर? २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाने लाभात वाटा देण्याचे तत्त्व मान्य केले आहे. परंतु ज्याने झुडूप दाखविले त्याच्या हाती तो वाटा पोचेल का, हा त्याच्या पोटाचा जुनाच प्रश्न आहे. तेव्हा आम्ही त्यास निरुत्तर झालो होतो. या खेपेस तो कागदावर मांडून ठेवावा, म्हणून आम्ही परवानगीच्या कागदांत वाटाड्या म्हणून त्याचे नाव आणि गाव लिहविले आहे. या कामाची फी आम्ही घेतलेली नाही.