हेलकाव्यात स्थिर

पेटंटचे जुने कागद वाचायची मला ओढ आहे. भाषा रुक्ष, वाक्यं लांबलचक, प्रत्येक खिळ्याला नि नळीला क्रमांक. पण थोडं नेटाने वाचलं की त्या रुक्षपणाखालून एक माणूस बोलू लागतो. काय बिघडतं ते त्याने स्वतः पाहिलेलं असतं, आणि ते बिघडू नये म्हणून तो जिवाचं रान करत असतो. फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या अमेरिकी संशोधकाचे कागद मी असे पुन्हा पुन्हा वाचतो. त्याच्या नावावर ६० हून अधिक पेटंटं आहेत आणि त्यांतली बहुतेक शीतकरणाची. उरलेल्यांत इंजिनं आहेत, चित्रपटगृहात तिकीट काढून देणारं एक यंत्रही आहे.

१८९३ साली ओहायो नदीच्या काठी त्याचा जन्म झाला. आई-वडिलांचं छत्र लवकरच हरपलं, एका कॅथलिक धर्मगुरूने सांभाळलं, आणि अकराव्या वर्षी तो स्वतःच्या पायांवर निघाला. गॅरेजात झाडू मारता मारता मोटारी दुरुस्त करू लागला. शाळा सहावीच्या आसपासच सुटली होती. १९१२ मध्ये तो मिनेसोटात, कॅनडाच्या सीमेजवळच्या हॅलक या गावी आला आणि एका मोठ्या शेतावरची यंत्रं सांभाळू लागला. त्या बर्फाळ, जवळजवळ सगळ्या गोऱ्या वस्तीत हा कृष्णवर्णीय तरुण रमला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेला, तिथे छावणीतल्या तारा जोडल्या आणि परत हॅलकलाच आला. शर्यतीच्या मोटारी तो स्वतः बांधायचा, मातीच्या धावपट्टीवर स्वतःच पळवायचा. इंजिन हादऱ्यांनी कुठे सैल होतं, कोणता बोल्ट आधी निसटतो, हे त्याला पुस्तकाने शिकवलेलं नव्हतं.

मग बोलपट आले. गावातल्या थिएटरवाल्याला आवाजाची तयार यंत्रणा परवडणारी नव्हती. जोन्सने भंगारातून ती उभी केली. ही कीर्ती मिनियापोलिसच्या जोसेफ न्युमेरोपर्यंत पोहोचली आणि १९३० च्या सुमारास जोन्स त्याच्या सिनेमा-साहित्याच्या कंपनीत कामाला लागला.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. फिल्मच्या कडेला आवाजाची अरुंद पट्टी छापलेली असते. तिच्यातून प्रकाशाची बारीक रेघ जाते, पलीकडच्या फोटोसेलमध्ये कणभर वीज उपजते, आणि ती वाढवत वाढवत पडद्यामागच्या कर्ण्यापर्यंत न्यायची असते. हा झाला सर्किटचा भाग. खरी कसोटी त्याच्या अलीकडे असते. चित्र दिसण्यासाठी फिल्म थांबत थांबत सरकावी लागते, सेकंदाला २४ हिसके. आवाजासाठी मात्र तीच फिल्म हातभर पुढे गेल्यावर अखंड, एकाच वेगाने वाहायला हवी. वरचा हिसका किंचित जरी खाली उतरला तरी गाणाऱ्या बाईचा सूर डळमळतो. धक्का पोटात घेऊन पुढे संथ राहायचं, ही ती कसोटी. जोन्सची नंतरची सगळी यंत्रं मला या एकाच अडचणीची भावंडं वाटतात.

१९३८ च्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतात ती अशी: न्युमेरोच्या ओळखीच्या एका वाहतूकदाराचा कोंबड्यांचा माल वाटेतच नासला. त्या काळी बर्फ आणि मीठ भरून गाड्या निघायच्या. बर्फ वितळला, वाट लांबली, की सगळं गेलं. थंडी निर्माण करण्याची विद्या तेव्हा नवी नव्हती. वायू दाबायचा, त्याची उष्णता बाहेर टाकायची, तो निवून द्रव झाला की सैल सोडायचा, म्हणजे तो आतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. कारखान्यांत, इमारतींत हे वर्षानुवर्षं चाललं होतं. रस्त्यावर ते टिकत नव्हतं. सांधे हादऱ्यांनी उघडायचे, वायू निसटायचा. जोन्सने पहिलं यंत्र ट्रेलरच्या पोटाखाली बसवलं, तर ते अवजड झालं आणि चिखलाने माखलं. मग ते हलकं करून ट्रेलरच्या पुढच्या भिंतीवर उंच चढवलं. आजही रीफर, म्हणजे शीतगाडीच्या कपाळावर ते तिथेच दिसतं. न्युमेरोने सिनेमाचा धंदा विकला आणि या यंत्रांची कंपनी काढली. तीच पुढे थर्मो किंग म्हणून जगभर पसरली. दुसऱ्या महायुद्धात रक्त, औषधं आणि अन्न या यंत्रांच्या भरवशावर आघाडीपर्यंत गेलं.

पण जोन्सने थंडी गाडीत घातली, एवढंच म्हटलं तर त्याचं अर्धंच काम सांगितल्यासारखं होतं. मिनेसोटात थंडीला काय तोटा? तिथे हिवाळ्यात बटाट्यांचा ट्रक उघड्यावर राहिला तर बटाटे गोठून काळे पडतात. माल जुलैत थंड ठेवायचा तसा जानेवारीत गोठण्यापासून वाचवायचा. त्याच्या पेटंटांत म्हणूनच बंदिस्त जागा तापवण्याचाही विचार आहे. त्याला थंडी हवी नव्हती. बाहेर काहीही चाललेलं असो, आत ठरलेला अंश तेवढाच राहावा, हे हवं होतं.

आणि ते रात्री, डोंगरवाटेवर, कुणी लक्ष द्यायला नसताना. चालकाचे डोळे रस्त्यावर असतात, मागे काय चाललंय ते त्याला कळणार नाही. तिथे जोन्सची सर्किटं कामाला येतात. तापमान वरच्या खुणेपलीकडे गेलं की थर्मोस्टॅटचा संपर्क जुळतो, स्टार्टर फिरतो आणि शीतयंत्र चालवणारं छोटं पेट्रोल इंजिन आपणहून सुरू होतं. खालची खूण आली की ते बंद. दोन खुणांमधलं अंतर फार कमी केलं तर इंजिन सुरू-बंद होऊनच दमून जाईल, फार वाढवलं तर माल जाईल. १९४९ च्या एका पेटंटात त्याने स्टार्टर आणि जनरेटर एकाच यंत्रात आणले: बॅटरीवर इंजिनाला उठवायचं आणि ते उठलं की त्याच्याकडूनच बॅटरी भरून घ्यायची. इतकी नेटकी कल्पना वाचताना मन खरोखर उजळतं.

१२ जानेवारी २०२१ ची पहाट आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकातून कोविड लसीचे पहिले ट्रक निघाले, आधी पूजा झाली, नारळ फुटला. आतल्या लसीला २ ते ८ अंशांच्या मधेच राहायचं होतं. नाशिकची द्राक्षंही याच विद्येच्या आधारे शून्य अंशाच्या आसपास राहून न्हावाशेव्यामार्गे युरोप गाठतात. ट्रकची पूजा मला तेव्हा अगदी योग्य वाटली होती, आजही वाटते. सांभाळून नेणाऱ्याला आपण नमस्कार करतोच.

जोन्स २१ फेब्रुवारी १९६१ रोजी मिनियापोलिसमध्ये वारला. अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्याला आणि न्युमेरोला मिळालं ते १९९१ मध्ये. दोघेही तोवर गेलेले, त्यांच्या पत्नींनी ते स्वीकारलं. तीस वर्षांचा हा उशीर मला अजून खुपतो. अभियांत्रिकीच्या मुलांना त्याचा एकच कागद दाखवायचा झाला, तर मी ट्रकच्या शीतयंत्राचं प्रसिद्ध पेटंट घेणार नाही. मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी, फेब्रुवारी १९६० मध्ये मंजूर झालेलं थर्मोस्टॅटचं पेटंट घेईन. वीस वर्षं त्याची यंत्रं रस्त्यांवर नीट धावत होती, नाव झालेलं होतं, आणि तरी हा माणूस पुन्हा त्याच दोन खुणांपाशी येऊन बसला होता.