खोपडीवर आई हसत नसे

१९८६ साली दूरदर्शनवर ‘नुक्कड’ मालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या घरी टीव्ही नव्हता. शेजाऱ्यांच्या दाराशी आम्ही सारी भावंडे दाटीवाटीने बसायचो. आईही मागे उभी राहून पाहायची. वायरमन गुरू, सायकल दुरुस्त करणारा हरी, हॉटेलवाला कादरभाई ही माणसे आपल्याच चाळीतली वाटत. दिग्दर्शक कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांनी गरिबांची टर उडवली नाही. ती माणसे आपसांत थट्टा करीत आणि अडीनडीला एकमेकांसाठी धावत. नुक्कड म्हणजे गल्लीचा नाका. आम्हाला तो बिनभिंतींचे घरच वाटे.

समीर खक्कर यांचा दारुडा खोपडी झुलत आला की आम्ही पोट धरून हसायचो. आई मात्र हसत नसे. पगाराच्या दिवशी आमच्या वडिलांची पावलेही जिन्यावर अशीच अडखळत. एकदा ती एवढेच म्हणाली, “झिंगलेला माणूस नाक्यावर गमतीचा दिसतो रे, घरात आला की चूल विझते.”

२०२३ साली खक्कर वारले. त्या रात्री आम्ही भावंडांनी फोनवर खोपडीच्या आठवणी काढल्या, हसलो आणि मग गप्प झालो. आता आई नाही, वडीलही नाहीत.

मालिका चांगलीच होती, आजही सांगू. पण कोणताही विनोद पाहताना आम्ही आता एकदा मागे वळून बघतो, घरात कोण हसत नाही ते. वाचकहो, तुम्हीही बघा.