पेशंट कोण?

आषाढाच्या तोंडावर बारामती-इंदापूर रस्त्यानं चालणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. दिंडी कुठली, गाव कुठलं, चहा घेणार का, एवढंच. तुकोबांची पालखी ज्या वाटेनं जाते त्या वाटेची ही सवय आहे. आम्ही मात्र निघालो ते जानेवारीत, ऊसतोडीच्या ऐन हंगामात, हातात पावतीपुस्तक घेऊन. कॅन्सरवरच्या संशोधनासाठी वर्गणी गोळा करतोय असं सांगितलं, की काटेवाडीपासून इंदापूरच्या वेशीपर्यंत उलट प्रश्न एकच यायचा. "पेशंट कोण?"

प्रश्न रास्त होता. आमच्या भागात आजारपणाला वर्गणी द्यायची रीत जुनी आहे. गावात कुणाचं ऑपरेशन निघालं की मंडळाची पोरं घरोघर फिरतात, आणि ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे तोही शंभराची नोट काढून देतो. देणाऱ्याला घर माहीत असतं, माणूस माहीत असतो. बारामतीनं तर याहून मोठं काही पाहिलं आहे. 2013 साली इथल्या मॅरेथॉनमध्ये लता भगवान करे ज्येष्ठांच्या गटात नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, पोटासाठी बारामतीला येऊन मोलमजुरी करणाऱ्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते आणि शर्यतीत बक्षीस आहे एवढं कानावर आलं होतं. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. मला मात्र ते तीन किलोमीटर सगळ्या पुरस्कारांहून मोठे वाटतात. एका माणसासाठी, त्याच्या एका तपासणीसाठी धावलेलं अंतर.

आमच्याकडे दाखवायला असा माणूस नव्हता. माझी आत्या पिशवीच्या कॅन्सरनं गेली, तिची आठवण घेऊन मी चालत होते हे खरं. पण कळलं तेव्हाच आजार फार पुढे गेला होता, आणि शेक देऊनही ती राहिली नाही. तिच्या नावावर पैसे मागून तिला काय मिळणार होतं? पहिल्या काही गावांत मी अडखळत उत्तर देत होते. भवानीनगरच्या अलीकडे एका टपरीवर तोच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "दादा, पेशंट अजून आजारी पडलेला नाही." टपरीवाला क्षणभर पाहत राहिला. मग म्हणाला, "मग आताच बघायला पायजे की."

कॅन्सरसाठी पायी पैसे मागायची चाल जगात रूढ केली ती टेरी फॉक्स या कॅनडातल्या तरुणानं. 1977 साली हाडाच्या कॅन्सरनं त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. तेव्हा त्याला कळलं, की जगण्याची शक्यता आता निम्मी आहे आणि दोनच वर्षांपूर्वी ती शंभरात पंधरा असती. मधल्या काळात कुणीतरी, कुठेतरी औषधावर काम केलं होतं. 1980 साली तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला आणि 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला. मग कॅन्सर फुफ्फुसांत पोचला आणि त्याला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला. देशातल्या दर माणसामागे एक डॉलर मिळावा अशी त्याची इच्छा होती. तेवढी रक्कम त्यानं डोळ्यांनी पाहिली. अनोळखी माणसांनी केलेल्या कामावर आपण जगलो, हे त्याला पक्कं उमगलं होतं.

अशा कामाचं उदाहरण द्यायला मात्र कॅनडापर्यंत जायची गरज नाही. इंदापूर तालुक्याची हद्द भीमेपाशी संपते आणि पलीकडे सोलापूर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात बार्शी आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं 1987 पासून आसपासच्या खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवायला घेतली. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदणी. त्या पायावर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास उभा राहिला. तिशी ते साठीच्या दरम्यानच्या 1,31,746 बायका, आणि तपासणीच्या तीन पद्धती. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला कारण असलेला एचपीव्ही विषाणू शोधणारी चाचणी फक्त एकदा केली तरी काय फरक पडतो, हा त्यातला मुख्य प्रश्न. आठ वर्षांनी उत्तर मिळालं. त्या चाचणीच्या गटात या कॅन्सरनं 34 बायका गेल्या. ज्यांची वेगळी तपासणी केली नव्हती, नेहमीचीच आरोग्यसेवा मिळत होती, त्या थोड्या लहान गटात 64 गेल्या. 2009 साली हे प्रसिद्ध झालं. आज जागतिक आरोग्य संघटना पहिली तपासणी म्हणून हीच चाचणी सुचवते, त्यामागच्या पुराव्यात ही खेडी आहेत.

त्या 64 जणींवरून पुढे जगभर वाद झाला. तुलनेसाठी बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असं विचारलं गेलं, आणि ते विचारायलाच हवं होतं. मला तो आकडा वाचून झोप आली नव्हती. तरीही माझं मत असं, की ज्ञान ज्यांच्या जिवावर मिळालं त्यांचं देणं ते ज्ञान वापरूनच फिटेल, आणि आपण ते अजून पुरतं वापरलेलं नाही.

हे देणं किती थकलंय ते याच रस्त्यावर दिसलं. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेजवळ बीडकडची एक टोळी थांबली होती. आमच्यातल्या एकीनं बायकांशी बोलायला सुरुवात केली. जेमतेम पस्तिशीची एक बाई सहज म्हणाली, "माझी काढलीय पिशवी. डॉक्टर म्हणले, ठेवली तर कॅन्सर होईल." शेजारचीनंही मान हलवली. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून जातं, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात जावं आणि कॅन्सरच्या भीतीनं ऑपरेशनला तयार व्हावं, मग उचल घेऊन ते पैसे फेडायला पुन्हा फडात उतरावं. बीडला लागूनच असलेल्या जिल्ह्यात खरी तपासणी काय करू शकते हे त्या पाहणीच्या दहा वर्षं आधीच सिद्ध झालं होतं. मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो यावा असंच वाटतं.

संशोधनाला पैसे आपण का द्यायचे, औषधकंपन्या देतात की, असं सणसरमध्ये एका शिकलेल्या माणसानं विचारलं. त्याला मी टाटा रुग्णालयाचा अभ्यास सांगितला. स्तनाची गाठ काढण्याआधी काही मिनिटं तिच्याभोवती भूल देणारं साधं लिडोकेन टोचलं तर काय होतं, हे देशातल्या 11 केंद्रांत सुमारे 1,600 बायकांवर पाहिलं गेलं. 2023 साली निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण शंभरात 86 वरून 90 वर गेलं. लिडोकेन म्हणजे दात काढताना देतात तेच, अगदी स्वस्त, कुणाच्या मालकीचं नसलेलं. त्यातून नफा नाही, म्हणून ते तपासण्यात कुठल्या कंपनीला रस असणार? तो अभ्यास अणुऊर्जा विभागाच्या पैशातून झाला, म्हणजे करातून. गरिबाला परवडणारं औषध शोधायचं तर ते गरिबाच्या बाजूच्या पैशातूनच शोधावं लागतं. गृहस्थांनी पाचशेची पावती घेतली.

मुक्काम अंथुर्ण्याला केला. पायांना फोड आले होते. पालखी मार्ग आता चौपदरी झाला आहे, पण डांबरावर चालणं मातीवर चालण्यापेक्षा जड जातं. सकाळी नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं थोडं अंतर काटलं. 1876-77 च्या दुष्काळाच्या आगेमागच्या वर्षांत उपाशी मजुरांच्या हातांनी हा कालवा झाला. ज्यांनी खणला त्यांतल्या बहुतेकांच्या शिवारात त्याचं पाणी कधी गेलं नसेल. आमची बागायत मात्र त्यावर उभी आहे. संशोधनाला दिलेला पैसा मला या पाण्यासारखा वाटतो.

निमगाव केतकीच्या पानमळ्याजवळ एक आजी भेटल्या. त्यांना आकडे नको होते. त्यांनी नेमकं विचारलं, "माझी सून चाळिशीला आली. तिची तपासणी कुठं करायची?" आणि लगेच, "नातीला ती सुई कधी द्यायची?" सुईचं, म्हणजे एचपीव्हीच्या लशीचं, उत्तर देताना मला बरं वाटलं, कारण त्यातही बार्शी आहे. 2009 मध्ये सुरू झालेल्या भारतातल्या मोठ्या लस-अभ्यासातलं ते एक केंद्र. लसीकरण मध्येच थांबवावं लागलं आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पण संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही, आणि एक डोसही भक्कम संरक्षण देतो हे त्यातून दिसलं. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसलाही मान्यता दिली, आणि पुण्याच्या सीरमची देशी लस 2023 च्या सुरुवातीला बाजारात आली. सुनेच्या तपासणीचं उत्तर देणं अवघड गेलं. एचपीव्हीची ती चाचणी त्यांच्या गावाजवळ कुठे सहज मिळेल, हे मला सांगता येईना. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा, नाही म्हणाले तर पुन्हा विचारा, एवढंच म्हणू शकले. आजींनी पावती नातीच्या नावानं करायला लावली.

इंदापूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. जमलेली रक्कम संशोधनासाठी म्हणून परळच्या टाटा रुग्णालयाला पाठवली. पुढच्या खेपेला भीमा ओलांडून बार्शीपर्यंत आणि तिथून पलीकडच्या खेड्यांत जायचं ठरतं आहे, आणि त्या वेळी पैसे मागायला नाही. तपासणीच्या त्या अभ्यासातल्या बायका आता पन्नाशी ओलांडून गेल्या असतील, काही ऐंशीला टेकल्या असतील. जगभरच्या बायकांची तपासणी त्यांच्यामुळे बदलली, हे त्यांच्यातल्या किती जणींपर्यंत पोचलं आहे? ते त्यांच्या ओट्यावर बसून सांगायचं आहे, आणि त्यांच्या लेकी-सुनांची तपासणी झाली का, तेही विचारायचं आहे.