हुमणाचा हिशेब

गतवर्षी पावसाळ्याच्या आरंभी आमच्या आईस मधुमेह असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि कागदाच्या तळाशी एक ओळ खरडली : आहार, दिवसाला 1500 कॅलरी. तो कागद खिशात घालून आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने घरी आलो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर खरे. परंतु पंधराशेपर्यंत मोजता येते, एवढा भरवसा आम्हांला स्वतःविषयी होता.

घरी आल्यावर कळले की, मोजावे कसे हाच प्रश्न आहे. कपाटात बिस्किटांचा पुडा होता. त्यावर शंभर ग्रॅममागे किती कॅलरी, किती साखर, किती चरबी हे सारे नियमाप्रमाणे छापलेले होते. आणि नेमका तोच पदार्थ डॉक्टरांनी वर्ज्य केला होता. जे खाण्यास मुभा होती, ती उकड्या तांदळाची पेज, बांगड्याचे हुमण, सोलकढी, पोदेराकडचा पाव, त्यांपैकी एकावरही अक्षर नव्हते. दारी येणाऱ्या पोदेराला पावाचे उष्मांक विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

विद्यार्थिमित्रहो, कॅलरी म्हणजे काय हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकलाच आहात. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता ती एक किलोकॅलरी. आहाराच्या बोलण्यात तिलाच आपण नुसते ‘कॅलरी’ म्हणतो. विल्बर ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्नातील ही उष्णता मोजण्याचे मोठे काम केले. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमला 4, व चरबीच्या एका ग्रॅमला 9, हे त्याचे आकडे आजही व्यवहारात आहेत. पुड्यावरील बेरीज याच आकड्यांनी ताडून पाहता येते; आम्ही पाहिली, जवळजवळ जुळली, आणि उगाच आनंद झाला.

पण हुमणाचे काय? तेव्हा एका स्नेह्याने आम्हांला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे कोष्टक दाखविले. या संस्थेचे मूळ 1918 साली कुन्नूर येथे सुरू झालेल्या बेरीबेरी रोगाच्या संशोधनात आहे. भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची कोष्टके तेथून 1937 मध्ये प्रथम निघाली, आणि 2017 च्या नव्या ग्रंथात 528 खाद्यवस्तूंचे पृथक्करण आहे. इतके असूनही त्यात हुमण नाही. तेथे आहेत त्या कच्च्या वस्तू : तांदूळ, नारळ, मासे, चिंच. मग वाट एकच उरते. चुलीवर चढण्यापूर्वी प्रत्येक जिन्नस तोलावा, कोष्टकावरून त्याच्या कॅलरी काढून बेरीज करावी, आणि शिजलेल्या भांड्यातून जितका भाग ताटात आला तितका भाग त्या बेरजेचा घ्यावा. पाणी कितीही ओतले तरी बेरीज वाढत नाही. 200 ग्रॅम तांदळाच्या सुमारे 700 कॅलरी; त्यांची घट्ट पेज करा वा पातळ, पातेल्यात 700 च.

आम्ही तराजू विकत आणला. पहिल्याच दिवशी आई खोबरे किसता किसता थांबून म्हणाली, “नाल्ल कोण जोखता रे?” नारळ कोण तोलतो, हा तिचा प्रश्न रास्त होता. पण ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅममागे चारशेहून अधिक कॅलरी आहेत. एका नारळाचा कीस 200 ग्रॅम भरला तर भाताच्या मोठ्या ताटाएवढी भर हुमणात न दिसता पडते. हुमणाला खोबरे वाटून घालतात, म्हणून ते सारे पोटात जाते. सोलकढीची गोष्ट निराळी. तेथे रस पिळून घेतात आणि चोथा टाकतात. रसात किती चरबी उतरली व चोथ्यात किती राहिली, हे कोणत्या कोष्टकात पाहावे? आम्ही चोथा शून्य धरला आणि सर्व कॅलरी सोलकढीच्या नावावर मांडल्या. चूक झाली तर ती अधिकाच्या बाजूस व्हावी, हा आमचा विचार. मोबाइलवरच्या एका साधनातही डोकावून पाहिले. तेथे ‘माशाची आमटी, एक वाटी’ याला पाच ठिकाणी पाच आकडे होते. वाटी कोणाची, हे कोठेच नव्हते.

आठ दिवस वही उत्तम चालली. आम्ही पातेल्यातील एकूण बेरजेला चाराने भागत होतो; घरात आम्ही, आमची पत्नी, आई आणि आठवीत शिकणारी पुतणी, अशी चारच माणसे. आईच्या वाट्याला रोज पंधराशेच्या आसपास कॅलरी येत होत्या. वही पाहून आम्हांस धन्यता वाटे. परंतु त्याच आठवड्यात आईला दोनदा सकाळी अकराच्या सुमारास घाम फुटून घेरी आली. दुसऱ्या खेपेस ती पाट्यापाशीच खाली बसली.

त्या रात्री पुतणीने वही चाळून विचारले, “काका, आजयेचें ताट केन्ना जोखलें?”

आजीचे ताट आम्ही कधीच तोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी तोलले. सर्वांचे जेवण झाल्यावर आई बसली. पेजेतली शिते सकाळीच आमच्या ताटांत गेली होती. तिच्या वाडग्यात वरचे पाणी. बांगड्याचा तुकडा पुतणीला, तिला तळाचा रस आणि मुठीएवढा भात. दिवसभराची बेरीज नऊशेच्या आत राहिली. शिवाय सोमवार धरलेला. त्या दिवशी गोळी मात्र वेळेवर. साखर उतरविणारी गोळी पोटात अन्न नसताना घेतली तर साखर गरजेपेक्षा खाली जाते, हे डॉक्टरांनी नंतर आम्हांला समजावून सांगितले. आमच्या चाराच्या भागाकाराने तिच्या नावावर सहाशे कॅलरी लिहिल्या होत्या, आणि त्या बहुतांशी आम्हीच खाल्ल्या होत्या. आमच्या वाढत्या पोटाचाही उलगडा तेव्हाच झाला.

डॉक्टरांनी वही पाहिली, गोळीचे प्रमाण कमी केले आणि सोमवार सोडावयास लावला. त्यावर आई दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. खोबरे ती आजही हातानेच घालते. आम्ही उरलेले तोलून वजा करतो. शेवटचा पोळा स्वतःसाठी ठेवण्याची तिची सवय सुटलेली नाही. फक्त आता तो चारांपैकी पहिला म्हणून तिच्या ताटात पडतो, आणि पुतणी त्याचे वजन मोठ्याने वाचून दाखविते.