अपवाद आणि नियम

'एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' हे इंग्रजी वचन आता मराठीच्याही अंगवळणी पडले आहे. 'अपवादाने नियम सिद्ध होतो' असे आपण सहज म्हणून जातो. बोलण्यात ते खपते; पण तरुण विद्यार्थी आपले प्रबंध आम्हांस वाचावयास देतात, त्यांतही हे वचन आढळते, आणि बहुधा नको त्या जागी. सिद्धान्ताला बाध आणणारा पुरावा समोर आला, की 'हा अपवाद. त्याने नियम सिद्धच होतो' असे लिहून लेखक मोकळा होतो. विरुद्ध पक्षाचा साक्षीदार हा आमचाच साक्षीदार, असे कोणा वकिलाने म्हटले तर न्यायाधीश हसतील. प्रबंधात मात्र ते निभावून जाते!

वस्तुतः हे वचन कायद्याच्या कुळातले. इसवी सनापूर्वी ५६ साली रोममध्ये बाल्बस नामक गृहस्थाच्या नागरिकत्वाचा खटला चालला. काही जमातींशी झालेल्या तहांत, त्यांच्यापैकी कोणासही रोमचे नागरिकत्व देऊ नये, असे कलम होते. बाल्बसच्या नगराशी झालेल्या तहात ते नव्हते. त्याच्या बाजूने सिसेरोने युक्तिवाद केला, की अपवादाच्या कलमाने जर मनाई होते, तर जेथे ते कलम नाही तेथे मोकळीक असलीच पाहिजे. बाल्बस निर्दोष ठरला.

देवळाच्या दारी 'सोमवारी दुपारी गाभारा बंद राहील' अशी पाटी असली, तर इतर दिवशी दुपारी तो उघडा असतो, हे न लिहिताही भाविकांस कळते. सांगितलेल्या अपवादावरून न सांगितलेला नियम ओळखणे, एवढाच या वचनाचा मूळ अर्थ. आपल्या वैयाकरणांनाही तो परका नाही. अपवादाचे क्षेत्र वगळून उरलेल्या ठिकाणी उत्सर्ग प्रवर्ततो, असे ते मानतात. परंतु हा न्याय माणसाने घालून दिलेल्या नियमांपुरता आहे. वस्तुस्थितीविषयी 'सर्व' म्हणून केलेले विधान एका विरुद्ध उदाहरणानेही ढासळते.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्ड येथे बी.सी.एल.ची परीक्षा दिली. तरी स्त्रियांच्या वकिलीची आडकाठी कायद्याने देशभर दूर झाली ती १९२३ साली. अशा विदुषीकडे बोट दाखवून 'ती अपवाद' म्हटले, की 'स्त्रियांस हे जमणार नाही' हा समज शाबूत राहतो, आणि वर त्यास तर्काचे पाठबळही मिळाल्यासारखे वाटते. पुराव्याने ज्याचा पराभव व्हावा, त्याचाच जयजयकार होतो.

म्हणून प्रबंधकारांस आमची विनंती आहे. विरुद्ध उदाहरण सापडले तर 'सर्व' खोडून 'बहुतेक' लिहावे, ते उदाहरण वेगळे का, याचे कारण शोधावे, आणि कारण सापडेना तर सिद्धान्तच पुन्हा तपासावा. अपवादाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून त्याच्याविरुद्ध निकाल देऊ नये.