रिपोर्ट निगेटिव्ह, जीव टांगणीला

ज्यांनी यायला हवं ते येत नाहीत, आणि ज्यांना यायचं काही कारण उरलेलं नाही ते पुन्हा पुन्हा येतात. सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात बसणाऱ्या कुणाही समुपदेशकाला विचारा, हेच ऐकायला मिळेल. महिनोन्‌महिने ट्रकवर काढणारा माणूस खोकला थांबेना म्हणून क्षयरोग विभागात जातो. तिथल्या नियमाप्रमाणे त्याची एचआयव्ही तपासणी होते आणि मग कळतं. त्याला कधी भीती वाटलेली नसते. इकडे न्हाव्याच्या दुकानात कानामागे खरचटलं म्हणून एखादा कॉलेजचा मुलगा रात्ररात्र जागतो. न्हाव्याने अर्धी नवी ब्लेड त्याच्यासमोर लावलेली असते, तरीही.

मी अशाच एका केंद्रात समुपदेशक आहे. ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ ही पाटीवरची भाषा. बोलताना सगळे आयसीटीसीच म्हणतात. तपासणी फुकट होते, आधी लेखी संमती घेतली जाते, माणसाला नंबर मिळतो आणि निकाल त्याच्याशिवाय कुणाला सांगत नाहीत. 2017 च्या कायद्याने ही गुप्तता आता हक्काचीच झाली आहे. पुढे ज्याच्याविषयी लिहिते आहे त्याची ओळख पटू नये एवढे तपशील म्हणूनच बदलले आहेत.

तो चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. वय तिशीच्या आत. मित्राच्या लग्नाआधीची पार्टी म्हणून टोळकं गोव्याला गेलं, तिथे दारू झाली, आणि रात्री तो एका अनोळखी बाईबरोबर राहिला. कंडोम वापरला होता, फाटला नव्हता, शेवटपर्यंत जागेवर होता. हे त्याने मला न विचारता तीनदा सांगितलं. परतल्यावर तिसऱ्या दिवशी घसा खवखवला आणि तिथून त्याची झोप उडाली.

समोर बसल्यावर त्याने मोबाइल काढला आणि फोटोंचा एक फोल्डर उघडला. सगळे फोटो जिभेचे होते. सकाळी ब्रश करण्याआधीची जीभ, नंतरची जीभ, ट्यूबलाइटखालची, खिडकीतल्या उजेडातली. ‘हा पांढरा थर बघा, मॅडम. मंगळवारी एवढा नव्हता.’ मानेच्या डाव्या बाजूला त्वचा लाल झाली होती. तिथे गाठ आहे का, हे तो दिवसभर बोटांनी दाबून बघत होता. दाबून दाबून ती जागा खरोखरच दुखायला लागली होती, आणि दुखतं म्हणजे गाठ आहे, असा त्याचा हिशेब होता. शर्टाच्या खिशात थर्मामीटर. 98.8 आकडा आला की त्याचा दिवस वाया.

त्याची लक्षणं खोटी नव्हती, हे आधी सांगायला हवं. तोंड कोरडं पडत होतं, रात्री घाम येत होता, पोट बिघडलं होतं, जेवण सुटल्यामुळे वजन उतरलं होतं. पंचाईत अशी की सततच्या धास्तीनेही शरीर अगदी हेच करतं, आणि एचआयव्हीच्या लक्षणांच्या कुठल्याही यादीत नेमकं हेच लिहिलेलं असतं. संसर्ग झालेल्यांपैकी अनेकांना दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसादुखी, पुरळ, सुजलेल्या गाठी असं काही होतं आणि ते आपोआप जातंही. काहींना काहीच होत नाही. असाच ताप डेंगीत येतो, फ्लूत येतो, जागरणानेही अंग मोडून येतं. त्यामुळे लक्षणांवरून एचआयव्ही ‘आहे’ असं सांगता येत नाही आणि ‘नाही’ असंही सांगता येत नाही. याच्या घशाने तर तिसऱ्या दिवशीच गजर केला होता. विषाणूला इतकी घाई नसते.

मग धोका किती होता? जोडीदार स्त्री पॉझिटिव्ह आहे, तिचे उपचार सुरू नाहीत आणि कंडोमही नाही, असं सगळं धरलं तरी योनीमार्गे एका संबंधात पुरुषाला लागण होण्याचा अंदाज 10 हजारांत सुमारे 4 इतका आहे. याच्या बाबतीत कंडोम होता, आणि ती बाई पॉझिटिव्ह होती असं मानायलाही काही आधार नव्हता. हे सगळं त्याला माझ्याहून जास्त पाठ होतं. मी आकडा सांगायला तोंड उघडलं की तो पुढचा दशांश सांगायचा.

एक गोष्ट मात्र त्याला वेळेवर माहीत नव्हती, आणि ती प्रत्येकाला माहीत असायला हवी. खरोखर धोका झाला असेल, म्हणजे कंडोम फाटला, वापरलाच नाही, जबरदस्ती झाली, दुसऱ्याची सुई टोचली, तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्या असतात. जितक्या लवकर तितकं बरं. सरकारी रुग्णालयात त्याची विचारणा करावी. त्याच्या घटनेत कुठल्याच डॉक्टरने त्या दिल्या नसत्या, पण ‘तेव्हाच गोळ्या घेतल्या असत्या तर’ हा एक नवा काटा त्याला नंतर वाचून वाचून लागला.

तपासण्यांचं त्याचं पुराण मोठं होतं. गोव्याहून आल्यावर आठवडाही उलटला नव्हता तेव्हा एका खासगी लॅबमध्ये पहिली. तिला काही अर्थ नव्हता. संसर्ग असता तरी इतक्या लवकर दिसला नसता. त्यालाच विंडो पिरियड म्हणतात. शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी चौथ्या पिढीची चाचणी साधारण 18 ते 45 दिवसांत संसर्ग पकडते. फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या कार्डासारख्या झटपट किटला 23 ते 90 दिवस लागू शकतात, म्हणून आम्ही तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणतो. त्याने चौथ्या पिढीची चाचणी दीड महिना उलटल्यावर केली: निगेटिव्ह. तीन महिने झाल्यावर आमच्याकडे आला: निगेटिव्ह. शास्त्रापुरता विषय तिथेच संपला होता.

त्याच्यापुरता मात्र तो संपला नव्हता. निकाल हातात पडला की चेहरा खुलायचा, रुग्णालयाच्या आवारातल्या टपरीवर चहा घ्यायचा, कधी आम्हालाही पाठवायचा. एसटी स्टँडपर्यंत जाईतो शंका परत. नमुना दुसऱ्याशी बदलला असेल तर? किटची मुदत संपली असेल तर? माझं शरीर अँटिबॉडी उशिरा बनवणाऱ्यांतलं असेल तर? मग दुसरं गाव, दुसरी लॅब, काही हजारांची पीसीआर. एकदा त्याने मला त्याच्याच धंद्यातला प्रश्न टाकला: ‘मॅडम, आमच्याकडे फायनल इन्स्पेक्शनमधूनसुद्धा एखादा खराब पार्ट सुटतोच ना?’ सुटतो. पण संशय आला म्हणून कुणी तोच पार्ट आयुष्यभर मोजत बसत नाही, हे त्यालाही कबूल होतं. नुसतं कबूल होऊन भागत नव्हतं.

या चक्राचा अभ्यास जुना आहे. पॉल सालकोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश अभ्यासकांनी 1986 साली मांडलं की आजाराच्या भीतीत दिलासा मागणं हाच भीती टिकवून धरणारा भाग असतो. दिलासा मिळतो, जीव हलका होतो, आणि मन शिकतं की हलकं व्हायचं तर पुन्हा विचारायला हवं. दर वेळी परिणाम आधीपेक्षा कमी टिकतो. म्हणजे विंडो पिरियड उलटून गेल्यावर आम्ही दयाबुद्धीने केलेली जादा तपासणी त्याच्या आजाराला खतपाणीच घालत असते.

त्याच 1986 साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेल्या नमुन्यांतून भारतातला एचआयव्ही पहिल्यांदा समोर आला. तेव्हा औषध नव्हतं आणि प्रचाराने घाबरवण्याचंच काम केलं. कवट्या, हाडं, ‘मृत्यू’ हा शब्द. ती भिंतीवरची चित्रं पाहिलेल्यांची मुलं आज आमच्याकडे येतात. मधल्या काळात काय काय बदललं ते मात्र घरात कुणी सांगितलेलं नसतं. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी एआरटी केंद्रांतून, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या केंद्रांतून, औषधं मोफत मिळायला लागली. 2017 पासून निदान झालं की लगेच उपचार सुरू करण्याचं धोरण आलं. वेळेत औषधं सुरू झाली आणि नियमित घेतली तर आयुष्य जवळपास इतरांइतकंच असतं. रक्तातला विषाणू न सापडण्याइतका कमी झाला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. ‘लॅन्सेट’मध्ये 2019 साली आलेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात, एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा पुरुष जोडप्यांमध्ये कंडोमशिवाय सुमारे 76 हजार संबंध नोंदले गेले. उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही.

म्हणून एक दिवस मी त्याला आकडे सांगणं सोडलं आणि विचारलं, ‘समजा पॉझिटिव्ह निघालात. मग?’

तो गप्प झाला. इतके महिने याच एका गोष्टीचा विचार करणाऱ्या माणसाने त्या ‘मग’चा विचार केलाच नव्हता. बऱ्याच वेळाने जे बाहेर आलं त्यात विषाणू कुठेच नव्हता. साखरपुडा ठरला होता. आई दर गुरुवारी उपास करते. त्या रात्री त्याने जे केलं त्याची शिक्षा व्हायलाच हवी, ती रक्तातून येणार, आणि आली की निदान वाट पाहणं तरी संपेल. बाहेर एआरटीची औषधं न्यायला आलेले लोक ज्या बाकावर बसतात, त्या बाकावर तो कधी बसत नसे, भिंतीला टेकून उभा राहत असे, हेही त्यानेच सांगितलं. त्या बाकावरच्या एक आजी बरीच वर्षं गोळ्या घेताहेत आणि नुकत्याच नातवाच्या बारशाचे पेढे वाटून गेल्या. ते पेढे त्याने घेतले नव्हते.

पुढचं काम माझ्या खोलीतलं नव्हतं. त्याला मानसोपचार विभागात पाठवलं, आणि ‘मी काय वेडा आहे?’ हा अपेक्षित प्रश्न झाल्यावर तो गेलाही. तिथल्या डॉक्टरांनी काही महिन्यांसाठी एक गोळी लिहून दिली आणि मानसशास्त्रज्ञ ताईंनी त्याच्याकडून करार करून घेतला. जिभेचे फोटो पुसून टाकायचे. मानेला हात लावायचा नाही. अगदीच राहवलं नाही तर अर्धा तास थांबायचं, मग एक तास. थर्मामीटर बहिणीच्या ताब्यात. लक्षणं नेटवर शोधायची नाहीत. काळजी करायला संध्याकाळची ठरावीक वीस मिनिटं, एरवी ती आली तर ‘संध्याकाळी’ असं म्हणून पुढे ढकलायची. आणि नवी तपासणी बंद.

पहिला पंधरवडा वाईट गेला. तपासणी करून द्या म्हणून तो दोनदा येऊन दारात उभा राहिला. मी चहा पाजून परत पाठवलं. कठोर वाटतं, पण या उपचाराला भक्कम आधार आहे. पीटर टायरर यांच्या गटाने इंग्लंडमधल्या रुग्णालयांत आजाराची अतोनात भीती असलेल्या 444 रुग्णांवर केलेल्या चाचणीत पाच ते दहा सत्रांच्या अशा वर्तन-विचार उपचाराचा फायदा दोन वर्षांनीही टिकलेला दिसला. मराठीत कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार रुजवला. त्यातलं सूत्र इथे नेमकं बसतं. ‘एचआयव्ही नसावा’ ही इच्छा ठीक आहे, ‘नसल्याची शंभर टक्के खात्री मला मिळालीच पाहिजे’ हा हट्ट माणसाला आजारी पाडतो. तशी खात्री आपल्याला रस्ता ओलांडतानाही नसते, आपण ओलांडतो.

हा मुलगा पुरता बरा झाला असं म्हणणार नाही. विचार अजूनही येतो, विशेषतः सर्दी झाली की. पण तो विचार घेऊनच कामाच्या शिफ्टला जातो. लग्नाआधी होणाऱ्या बायकोला सगळं सांगायचं का, हे त्याने मला विचारलं होतं. त्याचं उत्तर माझ्या रजिस्टरमध्ये नाही. लग्नाआधी ‘शेवटची एकदा’ तपासणी करावी का, असंही विचारलं. त्याला नाही म्हटलं, आणि माझ्या मते तेच योग्य होतं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात आत्ता असाच एखादा हिशेब चालू असेल, तर धोका झालाय का आणि तपासणी कधी करायची हे 1097 या मोफत हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारा. ठरल्या वेळी एकदा नीट तपासणी करून घ्या. विंडो पिरियड संपल्यावर रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि तरीही झोप लागत नसेल, तर आमच्याकडे किंवा लॅबकडे परत येऊ नका. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, तो लावा. मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.